बुद्धिबळात ऑनलाइन रेटिंग ११५० आहे, एंडगेमसाठी, म्हणजे डावाच्या शेवटच्या भागासाठी, कोणतं पुस्तक घेऊ? रोज किती पानं वाचू? मित्र म्हणतो डायरेक्ट द्वोरेत्स्कीचं जाडजूड पुस्तकच घे

आधी सरळ उत्तर. जेरेमी सिलमनचं एंडगेमचं पुस्तक घ्या, २००७ सालचं आहे, ते रेटिंगप्रमाणेच पाडलंय. पहिला भाग अगदी नवख्यांचा, मग १००० ते ११९९, मग १२०० ते १३९९, असं दोनदोनशेच्या पायऱ्यांनी पार मास्टरपर्यंत जातं. तुम्ही तुमच्या पायरीपर्यंत वाचा आणि पुस्तक बंद करून ठेवा. मित्राचं या बाबतीत ऐकू नका. द्वोरेत्स्की ग्रँडमास्टर लोकांचे ट्रेनर होते, त्यांचं पुस्तक त्या लायनीतल्या लोकांसाठी आहे.

आता हे मी एवढं ठासून का सांगतोय ते सांगतो, कारण तुमच्या मित्राचं "घ्यायचंच तर एकदाच मोठं घे" हे वाक्य जसंच्या तसं आमच्या घरात बोललं गेलंय आणि त्याचे तीन महिने माझ्या मुलीने भोगलेत.

आम्ही सोलापूरचे. माझे वडील, अप्पा, मिलमध्ये जॉबर होते, पाळी सुटली की कट्ट्यावर बुद्धिबळ. पुस्तक त्यांनी एकही वाचलेलं नाही. मोठा भाऊ पुण्यात असतो, कॉलेजात असताना त्याला बऱ्यापैकी रेटिंग होतं, त्यामुळे घरात बुद्धिबळाचा विषय निघाला की दादाचा शब्द शेवटचा असं चालत आलंय. मुलगी सातवीत गेली आणि स्पर्धा खेळायला लागली तेव्हा दादा हुतात्मा एक्स्प्रेसने येताना द्वोरेत्स्कीचं ते जाडजूड पुस्तक घेऊन आला आणि दर रविवारी व्हिडिओ कॉलवर शिकवायला लागला. मनापासून शिकवायचा, त्याबद्दल शंका नाही. पण काय शिकवायचा? कॉरस्पॉन्डिंग स्क्वेअर्स. बारा वर्षांची पोर वहीत घरांना नंबर टाकत बसायची, या घरावर तो राजा तर त्या घरावर हा राजा, आणि अप्पा बाजूला बसून विचारायचे, "काय वाचूलालीस गं एवढं?" ती म्हणायची मलाच कळत नाहीये आजोबा. मी दादाला एकदा म्हटलं हे तिला झेपत नाही, तर म्हणाला तुला खेळातलं काय कळतंय, अवघड वाचलं की सोपं आपोआप येतं.

सोपं आपोआप येत नाही. कधीच येत नाही.

मे महिन्यातली स्पर्धा होती, हॉलमध्ये कूलर नुसता आवाज करत होता, पालकांना आत सोडत नव्हते म्हणून मी दाराच्या काचेतून बघत होतो. शेवटची फेरी. तिच्याकडे पांढरी, पटावर दोन राजे आणि तिचं एक प्यादं, बस्स. तिचा राजा डी४ वर, प्यादं ई२ वर, काळा राजा डी६ वर, चाल तिची (उभ्या पट्ट्या ए ते एच, आडव्या ओळी पांढऱ्याकडून १ ते ८). मला दारातून दिसत होतं आणि माझ्या छातीत धडधडायला लागलं, कारण हे तर जिंकलेलं होतं. ई३. प्यादं फक्त एक घर पुढं. मग चाल त्याची येते आणि त्याचा राजा कुठंही सरकला तरी हिचा राजा पुढं घुसतो. डावीकडं गेला की ही उजवीकडून, मधे आला की ही समोर उभी राहते आणि त्याला परत हलावंच लागतं. ती सहा मिनिटं विचार करत बसली, बोटांनी टेबलावर घरं मोजत होती, मला कळलं की ती ते नंबर आठवतेय. आणि तिने ई४ केलं. दोन घरं.

समोरचा पोरगा दहा वर्षांचा असेल. त्याने राजा ई६ वर आणला, तिने प्यादं ई५ ला ढकललं, तो मागं गेला, ही डी५ वर आली, तो समोर डी७ वर, तिने ई६ करून शह दिला, तो ई७ वर आला, ही ई५ ला. आणि इथं तो सरळ मागं ई८ वर गेला. डी८ नाही, एफ८ नाही, नाकासमोर सरळ मागं. एवढी एक गोष्ट त्या पोराला कुणीतरी नीट शिकवली होती. पुढं ती डी६, तो डी८, प्यादं ई७ वर शह, राजा ई८, तिचा राजा ई६, स्टेलमेट, म्हणजे शह नाही पण त्याला चालच उरली नाही, डाव ड्रॉ, बरोबरीत. अर्धा पॉइंट गेला आणि त्यात तिसरा नंबर गेला. हॉलमध्ये ती काही बोलली नाही, सात रस्त्याच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मागून रडायचा आवाज आला.

घरी आल्यावर अप्पांनी तोच डाव लावायला सांगितला. तिने लावला. अप्पा म्हणाले, "दोन घरं जाता येतंय म्हणून दोन घरं पळायचं असतंय व्हय? राजा पुढं, प्यादं मागं. प्यादं राखून ठेवायचं, चाल उरत नाही तेव्हा कामाला येतंय." सिलमनमध्ये पण शेवटी हेच आहे हो, अपोझिशन म्हणतात त्याला (राजे समोरासमोर आणि चाल समोरच्याची), नीट आकृत्या काढून. द्वोरेत्स्कीच्या पुस्तकात पण सुरुवातीला 'की स्क्वेअर्स' (राजा जिथं पोचला की प्यादं वजीर होतंच ती घरं) आहेतच, पण ते ज्याला आधीच माहितीय त्याच्यासाठी थोडक्यात उरकलंय आणि लगेच अवघड चालू. फरक तिथं आहे. नवशिक्याला जिथं महिनाभर थांबायचं असतं तिथं ते पुस्तक थांबत नाही.

त्यानंतर आम्ही असं केलं. रोज रात्री जेवणं झाली की दोन राजे एक प्यादं, मी काळा, ती पांढरी, राजे कुठंही ठेवायचे आणि खेळायच्या आधी तिने सांगायचं, जिंकलंय की ड्रॉ. मग बाजू बदलायची, कारण ड्रॉ राखणं पण शिकावं लागतं. पंधरा दिवसांत ती बघितल्या बघितल्या सांगायला लागली. मग उंट आणि कडेचं प्यादं घेतलं: पांढऱ्याचं प्यादं एच पट्टीवर, उंट पांढऱ्या घरांचा, आणि काळा राजा एच८ च्या कोपऱ्यात जाऊन बसला तर ड्रॉ, तिथून त्याला कुणी काढू शकत नाही. हत्तीचे शेवट त्यानंतर, फिलिडोर आणि लुसेना या दोन नावाजलेल्या पोझिशन, पहिलीत ड्रॉ राखायचा, दुसरीत जिंकायचं. फिलिडोरमध्ये आपला हत्ती आपल्या बाजूने तिसऱ्या ओळीवर अडवून ठेवायचा आणि त्याचं प्यादं त्या ओळीवर आलं की लगेच हत्ती पार लांब मागं नेऊन मागून शह देत राहायचं. हे दोन आले की हत्तीचे निम्मे डाव सुटतात असं माझं मत आहे.

म्हणून रोज किती पानं हा प्रश्नच सोडा. एक पोझिशन घ्या, लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर प्रॅक्टिसमध्ये प्याद्यांचे आणि हत्तीचे शेवट फुकट आहेत, तिथं कंप्युटरविरुद्ध दहापैकी दहा वेळा जमलं की पान उलटा. एका पानाला आठवडा लागला तरी लागू दे.

आणि दादाचं. दिवाळीला आला तेव्हा मुलीने तोच डाव त्याच्यासमोर मांडला. त्याने क्षणात ई३ केलं आणि म्हणाला, हे तर सगळ्यांनाच येतं. मी विचारलं, सगळ्यांना येतं तर तीन महिन्यांत एकदा तरी हिला का नाही दाखवलंस? यावर तो काही बोलला नाही, चहा मागितला. अवघड शिकवण्यात शिकवणाऱ्याचा मान वाढतो, शिकणाऱ्याचा नाही, आणि हे मी त्याला तोंडावर बोललो नाही म्हणून इथं लिहितोय. अडाणी म्हणून ज्या अप्पांचं कुणी ऐकायचं नाही ते पहिल्या दिवसापासून बरोबर सांगत होते. कॅपाब्लांकाचं १९२१ सालचं पुस्तक बघा, वर्ल्ड चॅम्पियन माणूस, सुरुवात साध्या शह-मातांपासून आणि प्याद्यांच्या शेवटांपासून करतो.

काही गोष्टी राहिल्या. सिलमनच्या पायऱ्या अमेरिकेतल्या पटावरच्या रेटिंगच्या आहेत, ऑनलाइन ११५० म्हणजे तेच धरू नका, पहिल्या भागापासूनच सुरू करा, दोन दिवसात होईल. पुस्तक इंग्रजीत आहे पण भाषा गप्पा मारल्यासारखी आहे, मुलगी माझ्या मदतीने वाचते. द्वोरेत्स्की वाईट आहे असं माझं अजिबात म्हणणं नाही, दोन हजाराच्या पुढं गेलात तर जरूर घ्या, आमचं कपाटात आहे, मुलगी म्हणते विकायचं नाही, लागेल कधीतरी. ओपनिंगचं, म्हणजे डावाच्या सुरुवातीचं, तुम्ही विचारलं नाहीये, पण मित्र उद्या तेही सांगेल, तेव्हा त्याच्यासमोर पांढरा राजा डी४, प्यादं ई२, काळा राजा डी६ लावा आणि ई४ का चालत नाही ते विचारा.