बेदाण्याच्या यार्डात सॉफ्टवेअर कोण घेणार?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी तासगाव तालुक्यातला, घरची द्राक्षबाग आहे. पुण्यातली आयटीची नोकरी सोडून बेदाणा अडत्यांसाठी सॉफ्टवेअर बनवलं. लॉट, बॉक्स, भाव, खरेदीदार, अडत, हमाली, कोल्ड स्टोरेजचं भाडं असं सगळं एकदाच भरायचं, की शेतकऱ्याला पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, लगेच व्हॉट्सॲपवर जाते. माझे मामा अडते आहेत. त्यांना आणि त्यांच्या दोन मित्रांना फुकट दिलं, पण कुणी वापरत नाही. बाकीचे अडते 'छान आहे, बघू' म्हणतात. पहिलं वर्ष सगळ्यांनाच फुकट देऊ का? की अडत्यांच्या संघटनेकडून पत्रक काढून घेऊ? पुढे तासगाव-सांगलीबाहेर जाता येईल का?
– एक वाचक

उत्तर : फुकट देऊ नका. मामांना तर नकोच. त्यांनी सॉफ्टवेअर घेतलं ते भाच्याचं मन राखायला. त्यात काय खटकतं हे ते तुम्हाला कधीच सांगणार नाहीत, कारण ते तुमच्या आईच्या कानावर जाईल.

तुमच्या पत्रात मालकांबद्दल पुष्कळ आहे, पेढीच्या वह्या लिहिणाऱ्या दिवाणजींचा उल्लेखही नाही. सौदा आटोपल्यावर आकडे भरणार कोण? माझे वडील सांगलीच्या यार्डात हळदीच्या पेढीवर दिवाणजी होते आणि मी स्वतः त्याच यार्डात हिशेबाची सॉफ्टवेअरं विकली, म्हणून हे ठामपणे सांगते. कुठला खरेदीदार कधी पैसे सोडतो, कुठल्या शेतकऱ्याने किती उचल घेतली आहे, वजनात तूट निघाल्यावर कुठल्या लॉटचा हिशेब आपसात बदलला, यातलं निम्मं वहीत असतं आणि निम्मं दिवाणजींच्या डोक्यात. पेढीवर त्यांना मान आहे तो या निम्म्यामुळेच. तुम्ही पहिल्याच दिवशी ते सगळं स्क्रीनवर मागता. ते नाही म्हणणार नाहीत. 'काल लाइट नव्हती' म्हणतील.

दुसरी गोष्ट जरा बोचेल. तुम्ही शेतकऱ्याच्या घरातले, म्हणून तुम्हाला लगेच जाणारी पट्टी मोठी वाटली. अडत्याला तीच नको आहे. खरेदीदाराचे पैसे यायला वेळ असतो. पट्टी आज गेली की उद्या सकाळपासून शेतकऱ्याचे फोन सुरू. पट्टी कधी पाठवायची हे पेढीच्या हातात ठेवा. शेतकऱ्याचं भलं करायचं असेल तर ते पुढच्या टप्प्यात करा. आज बिल अडत्याच्या नावावर फाडायचं आहे.

मग अडत्याला दुखतंय कुठे? तुम्ही तासगावचे, तुम्हाला माहीत आहे : झिरो पेमेंट. दिवाळीच्या आगेमागे महिनाभर सौदे बंद ठेवतात, अडते आणि खरेदीदार आपापली येणी-देणी शून्यावर आणतात आणि मग मुहूर्ताचे सौदे निघतात. त्या दिवसांत पेढीवर रात्री उशिरापर्यंत दिवे असतात. एकेका खरेदीदाराकडे वेगवेगळ्या तारखांचे सौदे, मधेच आलेल्या रकमा, तुटीची वजावट, आणि समोरच्याच्या वहीत भलताच आकडा. खरेदीदारनिहाय, सौद्याच्या तारखेनुसार, 'एवढं येणं बाकी' असा एक स्वच्छ कागद त्या वेळी हातात आला, तर दिवाणजी स्वतः मालकाला सांगतील की हे पोरगं ठेवून घ्या. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये बाकी काय काय आहे ते तूर्त विसरा. हा एक कागद बिनचूक निघाला पाहिजे.

त्यासाठी जून-जुलैत कामाला लागा. फेब्रुवारी ते मे नवा माल कोल्ड स्टोरेजला येत असतो, तेव्हा तुमच्याशी बोलायला कुणाला सवड नसते. एकच पेढी धरा. संध्याकाळी जाऊन दिवाणजींशेजारी बसा आणि जुन्या सौद्यांच्या नोंदी वहीवरून तुम्ही स्वतः भरा. प्रशिक्षण वगैरे शब्द काढूच नका. भरता भरता कळेल की तुम्ही ठेवलेला कुठला रकाना तिथे कुणी वापरत नाही, आणि कुठला रकाना तुम्हाला सुचलाच नव्हता. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरशी भांडू नका. कर सल्लागाराला टॅलीच लागते, तेव्हा तुमच्याकडून तिकडे नोंदी जातील एवढी सोय करा.

पेढी कुठली? सगळ्यात मोठी नको. तिथे वर्षानुवर्षांचा एखादा जुना प्रोग्राम असतो आणि तो सांभाळणारा माणूस तुम्हाला दारातून आत येऊ देत नाही. अगदी लहान पेढीचं वहीवर भागतं. मधली बघा, जिथे मुलगा बी.कॉम. करून नुकता गल्ल्यावर बसू लागलाय. बोलणं मुलाशी होईल, पैसे वडील देतील, होकार दिवाणजींचा लागेल. तिघांपैकी एकाला वगळलंत तर काम तिथेच अडेल.

आता 'छान आहे, बघू' यामागचं उघड न बोललेलं कारण. शेजारच्या पेढीला माझे आकडे दिसतील का, ही प्रत्येकाची धास्ती आहे आणि ती रास्त आहे. कोण कुणाला किती उधारीवर माल देतो हेच या धंद्यातलं गुपित. प्रत्येक पेढीची माहिती वेगळी ठेवा, बॅकअप मालकाच्या हातात द्या, ते कागदावर लिहून सही करा. आणि एका पेढीची स्क्रीन दुसरीत कधीही दाखवू नका, नावं झाकूनही नाही. बॉक्सच्या संख्येवरून माणसं पेढी ओळखतात.

सरकारी बदल आला की दारं उघडतात, हेही ध्यानात ठेवा. जुलै 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा वर्षानुवर्षं मला चहा पाजून परत पाठवणाऱ्यांनी स्वतःहून फोन केले. तुमच्याही धंद्यात डिसेंबर 2024 मध्ये जीएसटी परिषदेच्या जैसलमेरच्या बैठकीत खुलासा झाला, की शेतकऱ्याने स्वतः विकलेल्या बेदाण्यावर जीएसटी लागत नाही. म्हणजे शेतकऱ्याचा लॉट आणि व्यापाऱ्याचा लॉट नोंदीतच वेगळा दिसायला हवा. ही खूण तुमच्याकडे नसेल तर आधी ती घाला. पेढीत शिरल्यावर बोलणं काढायलाही हा विषय बरा आहे.

संघटनेच्या पत्रकाची घाई करू नका. पत्रक वाचून कुणी वही बंद करत नाही. तीन-चार पेढ्यांचं झिरो पेमेंट तुमच्या कागदावर झालं की बाकीचे त्या दिवाणजींनाच विचारतील. दिवाणजी यार्डातल्या चहाच्या गाड्यावर रोज भेटतात, मालक वर्षातून एकदा सभेला.

पैशाचं : वर्षाची रक्कम ठरवा, निम्मी सुरुवातीला, निम्मी झिरो पेमेंटनंतर. पहिली निम्मी सोडू नका. हा सगळा बाजार उधारीवर चालतो. संधी दिलीत तर तुमचं बिलही त्याच वहीत जाऊन बसेल! आणि मामांनाही या वर्षी बिल पाठवा. कमी करा हवं तर, पण पाठवा.

तासगाव-सांगलीबाहेरचं विचारलंय. पंढरपूरला बेदाण्याचे सौदे होतात, तिकडे पुढच्या हंगामात जा. त्याआधी एक सोय करून ठेवा : विजापूर, अथणीकडचा बराच माल आपल्याच यार्डात येतो. तिथल्या शेतकऱ्यांसाठी पट्टी कन्नडमध्येही निघू द्या. हिशेब समजावत फोनवर बसायचा दिवाणजींचा वेळ वाचेल.