कोडइग्नायटर अजून वापरावं का? आधी आवृत्ती बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: शिकवणीच्या क्लासच्या फी-हजेरीचं सॉफ्टवेअर कोडइग्नायटर ३ या फ्रेमवर्कमध्ये (वेब सॉफ्टवेअर बांधायच्या तयार सांगाड्यात) आहे, पीएचपी या भाषेच्या ७.४ आवृत्तीवर चालतंय, होस्टिंगवाला ८.२ वर जा म्हणतोय आणि ओळखीचे सगळे ‘लारावेल (पीएचपीचंच दुसरं फ्रेमवर्क) घ्या’ म्हणताहेत. मग कोडइग्नायटरला चिकटून राहण्यात अर्थ आहे का?

होस्टिंगवाल्याशी वाद घालू नका. ७.४ च्या सुरक्षा-दुरुस्त्या नोव्हेंबर २०२२ मध्येच थांबल्या. राहिला फ्रेमवर्कचा प्रश्न. एलिसलॅबने २००६ साली काढलेलं कोडइग्नायटर २०१४ मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीकडे गेलं आणि २०२० मध्ये आवृत्ती ४ नव्याने लिहून आली. नाव तेच असलं तरी ३ चा कोड ४ मध्ये जसाच्या तसा चालत नाही. माझं मत: नवीन काम ३ मध्ये अजिबात नको, ४ मध्ये खुशाल करा, आणि चालू असलेलं ३ घाईने मोडू नका.

तर आधी ३ जिवंत ठेवायचं. फ्रेमवर्कचा मूळ कोड असलेला ‘सिस्टिम’ फोल्डर ३.१.१३ चा करा; त्याआधीच्या आवृत्त्यांत पीएचपी ८.१ वर सेशन ड्रायव्हर (कोण लॉगिन आहे ते लक्षात ठेवणारे भाग) तक्रारी करतात. तरीही ८.२ वर ‘क्रिएशन ऑफ डायनॅमिक प्रॉपर्टी’ असे इशारे येत राहतील, कारण ३ ची सगळी रचनाच चालता चालता ऑब्जेक्टला प्रॉपर्टी चिकटवण्यावर उभी आहे. उपाय म्हणजे कोडमधल्या त्या क्लासच्या (ऑब्जेक्टच्या साच्याच्या) वर ‘अलाउ डायनॅमिक प्रॉपर्टीज’ हे अ‍ॅट्रिब्यूट लावायचं. कंट्रोलर, लोडर, राउटर आणि यूआरआय या चौघांना ते लागतंच. हे क्लास ‘माय’ उपसर्गाने वाढवता येतात, पण डेटाबेस ड्रायव्हर तसा वाढवता येत नाही, तिथे ‘सिस्टिम’मधल्या मूळ फाइललाच हात लावावा लागतो. ती फाइल नोंदवून ठेवा, पुढच्या अपडेटमध्ये बदल उडेल. हे अ‍ॅट्रिब्यूट हॅशने सुरू होतं, त्यामुळे स्वतंत्र ओळीवर लिहिलं तर ७.४ त्याला कॉमेंट समजतं. म्हणजे सगळी दुरुस्ती आजच चालू सर्व्हरवर चढवून मग निवांत ८.२ चं बटण दाबता येतं.

हे न करता बटण दाबलं तर बहुधा असं दिसतं: लॉगिन केलं की पुन्हा लॉगिनचंच पान. पासवर्ड बरोबर असतो, डेटाबेसही ठीक असतो. इशाऱ्यांचा मजकूर पानाच्या आधी छापला गेल्याने हेडर (पानाआधी ब्राउझरला जाणारी माहिती) निघून गेलेले असतात आणि सेशन सुरूच होत नाही. एन्व्हायर्नमेंट ‘प्रॉडक्शन’ केलं, म्हणजे इशारे पानावर छापणं बंद केलं, की लक्षण जातं, आजार राहतो. पीएचपी ९ मध्ये हेच इशारे थेट एरर करण्याचं ठरलेलं आहे, तेव्हा ही मलमपट्टी ८ च्या मालिकेपुरतीच समजा.

आता ३ वरून ४ वर. व्ह्यू (पानांचे साचे) बरेचसे तसेच राहतात, मॉडेलमधल्या (डेटाबेसशी बोलणाऱ्या कोडमधल्या) क्वेरींची रूपं बदलतात. हे काम कंटाळवाणं आहे, अवघड नाही. खरा धोका रीडायरेक्टमध्ये, म्हणजे दुसऱ्या पानावर पाठवण्यात, आहे. ३ मध्ये रीडायरेक्ट फंक्शन स्क्रिप्ट तिथेच संपवायचं, म्हणून लोक कंस्ट्रक्टरमध्ये (ऑब्जेक्ट तयार होताना आपोआप चालणाऱ्या फंक्शनमध्ये) ‘लॉगिन नसेल तर रीडायरेक्ट’ अशी एक ओळ टाकून मोकळे व्हायचे. ४ मध्ये ते फंक्शन फक्त रिस्पॉन्स ऑब्जेक्ट देतं. तो ‘रिटर्न’ केला नाही तर काहीच घडत नाही, आणि कंस्ट्रक्टरमधून तर रिटर्न करून उपयोगच नाही. जुनी ओळ तशीच आणली तर एररही येत नाही आणि लॉगिन न केलेल्या माणसालाही फीची यादी उघडी मिळते. ही तपासणी फिल्टरमध्येच (पानाच्या कोडआधी चालणाऱ्या भागात) न्या, आणि प्रत्येक पान इन्कॉग्निटो विंडोत उघडून बघा.

त्याच्याच जोडीला दोन गोष्टी. ३ मधली सरसकट एक्सएसएस गाळणी (कुणी पानात घुसवलेली स्क्रिप्ट अडवणारी) ४ मध्ये नाही, आणि व्ह्यूमध्ये लारावेलच्या ब्लेड या साच्यांसारखं आपोआप एस्केपिंगही (मजकुरातला कोड निष्प्रभ करणं) होत नाही. विद्यार्थ्याचं नाव छापताना ‘एस्क’ फंक्शन हाताने लावावं लागतं. आणि सीएसआरएफ फिल्टर (दुसऱ्या साइटवरून तुमच्या नावाने फॉर्म पाठवणं अडवणारा) सुरुवातीला बंद असतो, तो चालू करा.

स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर ४ व्यवस्थित चालतं. फक्त ‘पब्लिक’ फोल्डरमधला माल पब्लिक_एचटीएमएलमध्ये (होस्टिंगवरच्या, जगाला दिसणाऱ्या फोल्डरमध्ये) टाकून बाकी सगळं त्याच्या बाहेर ठेवा आणि इंडेक्स फाइलमधला पाथ्सचा रस्ता दुरुस्त करा. आळस करून अख्खा प्रकल्प पब्लिक_एचटीएमएलमध्ये ओतला तर पासवर्डसकट ‘डॉट एन्व्ह’ फाइल जगाला दिसण्याची वेळ येऊ शकते. पीएचपीचं ‘इंटल’ एक्स्टेन्शन लागतं. झॅम्पमध्ये (आपल्याच संगणकावर पीएचपी चालवायच्या पॅकेजमध्ये) ते बहुधा बंद असतं, पीएचपी डॉट आयएनआयमध्ये त्या ओळीच्या सुरुवातीचा अर्धविराम काढायचा. ४.५ ला पीएचपी किमान ८.१ हवं.

मग लारावेल कधी? पालकांना मेसेज-ईमेल पाठवण्याची मोठी रांग, ऑनलाइन पेमेंट, मोबाइल अ‍ॅप असं सगळं वाढणार असेल, किंवा पुढे दुसऱ्या माणसाला काम सोपवायचं असेल, तर लारावेलच. तयार पॅकेजेस जास्त, माणसं मिळणंही सोपं. किंमत अशी की तिथे दरवर्षी मोठी आवृत्ती येते आणि तिला सुरक्षा-दुरुस्त्या दोनच वर्षं मिळतात. कोडइग्नायटर २०२० पासून ४ वरच आहे. एकट्याने सांभाळायच्या, वर्षातून दोनदा हात लागणाऱ्या सॉफ्टवेअरला हा संथपणा मानवतो. नोकरीसाठी शिकायचं असेल तर मात्र हा हिशेब लागू नाही, लारावेल शिका.

एक खास आपल्या कामाचं: ४ मध्ये देवनागरी यूआरएल ठेवले तर ‘डिसअलाउड कॅरेक्टर्स’ म्हणून पान अडतं. अ‍ॅप कॉन्फिगमधल्या परवानगीच्या अक्षरांत देवनागरीची युनिकोड श्रेणी, ९०० ते ९७एफ, जोडा, आणि राउटमध्ये (कुठला पत्ता कुठल्या कोडकडे जातो त्या नियमात) ‘अल्फा’ऐवजी ‘सेगमेंट’ वापरा. ‘अल्फा’ फक्त इंग्रजी अक्षरं ओळखतो.