बाळाला घेऊन पहिल्यांदा आजी-आबांकडे जाताय?

अगं, रविवारी सकाळी पोहे-जलेबीच्या गडबडीत पोचायचा हट्ट धरू नकोस, इंदूरात राजवाड्याकडे घर असलं तर ट्रॅफिकमध्येच पोर रडून लाल होतं, त्याची सकाळची झोप झाली की निघा आरामात. गेल्यागेल्या आतल्या खोलीत गादी अंथरून घे, उशा-रजया बाजूला, झोपवायचं ते पाठीवरच. घ्यायचं सगळ्यांनाच असतं, घेऊ दे की, फक्त हात धुऊन, आणि सर्दीवाल्या काकांनी लांबूनच टाटा करावं. पापे नकोत हे तू नको बोलूस, नवऱ्याला त्याच्या आईशी बोलू दे, सून बोलली की विषय वाढतो (आमच्या इंदूरात तरी!).

खरी भानगड चाटवण्याची. कुणीतरी मध घेऊन येतंच. वर्षाच्या आत मध नाही म्हणजे नाही, त्यातनं बोट्युलिझम (बाळाचे स्नायू लुळे पाडणारी गंभीर विषबाधा) होऊ शकतो, आणि ६ महिने होईपर्यंत वरचं पाणी, घुटी काहीच नको, भर उन्हाळ्यात पण अंगावरचं दूध पुरतं त्याला. सरळ डॉक्टरांचं नाव पुढे करायचं. जलेबीचा पाक बोटाने लावणारी एक आत्या असतेच, तिच्यावर जरा लक्ष ठेव. रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत जायचा बेत ठरलाच तर नवऱ्याला पाठव, तू झोप काढ.