जवस की मासे : ओमेगा-३ नेमके कशातून घ्यावे?

प्रश्न : मी तिशीतली असून लहानपणापासून शाकाहारी आहे, माझे पती मासे खातात. येत्या वर्षभरात आम्हांला मूल हवे आहे. मी रोज एक मोठा चमचा जवसाची पूड घेते. जवसाच्या आणि माशांच्या तेलाच्या दोन्ही बाटल्यांवर ‘ओमेगा-३’ असेच ठळक अक्षरांत छापलेले असते. मग मला जवस पुरेसे आहे, की मनाविरुद्ध माशांचे तेल घ्यावे लागेल?

उत्तर : मनाविरुद्ध काही घेण्याची गरज नाही, हे आधी सांगतो. मात्र त्या दोन बाटल्यांत एकच पदार्थ असतो, हा समज मनातून काढून टाकावा, कारण सगळी गल्लत तिथूनच सुरू होते.

शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत, म्हणून आहारातूनच घ्यावी लागतात अशी मेदाम्ले (फॅटी ॲसिड्स) दोन आहेत : ओमेगा-६ गटातले लिनोलेइक आम्ल आणि ओमेगा-३ गटातले अल्फा-लिनोलेनिक आम्ल. जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने १९२९ साली उंदरांना स्निग्धांशविरहित आहार देऊन असे दाखवून दिले होते की, काही मेदाम्लांवाचून प्राण्यांची वाढ खुंटते आणि त्वचा बिघडते. यांपैकी अल्फा-लिनोलेनिक आम्ल वनस्पतींतून उत्तम मिळते. अमेरिकेतील शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला ते दिवसाला १.१ ग्रॅम आणि पुरुषाला १.६ ग्रॅम लागते. जवसाच्या पुडीच्या एका मोठ्या चमच्यात ते साधारण दीड ग्रॅम असते. म्हणजे तेवढ्यापुरती आपली गरज आजच भागलेली आहे. पूड घेता हेही योग्यच आहे, कारण अख्खे जवस पुष्कळदा न पचताच शरीराबाहेर पडते.

प्रश्न उरतो तो माशांच्या तेलात असणाऱ्या ईपीए आणि डीएचए या ओमेगा-३ गटातल्याच, पण लांब साखळीच्या मेदाम्लांचा. मेंदूच्या आणि डोळ्यांतील दृष्टिपटलाच्या पेशींच्या आवरणांत डीएचए भरपूर असते. जवसातील आम्लापासून शरीर ही दोन्ही बनवू शकते, पण फार थोडी : ईपीए जेमतेम काही टक्के आणि डीएचए त्याहूनही कमी, अनेक अभ्यासांत तर एक टक्क्याच्याही खाली. प्रजननक्षम वयातील स्त्रियांमध्ये हे रूपांतर पुरुषांपेक्षा बरे होते, तरीही मासे खाणाऱ्यांच्या तुलनेत शाकाहारी व्यक्तींच्या रक्तात डीएचए कमी आढळते. त्यातच ओमेगा-६ गटातील लिनोलेइक आम्लही हे रूपांतर घडवणाऱ्या त्याच विकरांवर (एन्झाइम्सवर) आपला हक्क सांगते, त्यामुळे सूर्यफूल किंवा मक्याच्या तेलाचा सढळ वापर असेल तर हे रूपांतर आणखी मंदावते. जवस दुप्पट केल्याने डीएचए दुप्पट होईल, अशी अपेक्षा म्हणूनच ठेवू नये.

एरवीच्या निरोगी शाकाहारी प्रौढाला मी यावरून घाबरवणार नाही, कारण डीएचए कमी असणे म्हणजे आजार असणे नव्हे. आपली गोष्ट मात्र वेगळी आहे. गर्भाच्या मेंदूची वाढ शेवटच्या तीन महिन्यांत झपाट्याने होते आणि त्यासाठी लागणारे डीएचए आईकडूनच जाते. प्रौढांनी ईपीए व डीएचए मिळून रोज २५० मिलिग्रॅम घ्यावे आणि गर्भवती व स्तनदा मातांनी त्यावर १०० ते २०० मिलिग्रॅम डीएचए अधिक घ्यावे, असे युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरण सुचवते. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१८ साली ७० चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा गरोदरपणात या मेदाम्लांची जोड मिळालेल्या स्त्रियांमध्ये ३७ आठवड्यांपूर्वी होणाऱ्या प्रसूतींचे प्रमाण १३.४ टक्क्यांवरून ११.९ टक्क्यांवर आलेले दिसले. हा फरक लहान असला, तरी अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे हाल पाहिलेल्या कोणालाही तो क्षुल्लक वाटणार नाही.

आता आपल्या अडचणीवरचा उपाय. मासेही डीएचए बहुतांशी स्वतः तयार करत नाहीत. समुद्रातील सूक्ष्मशैवाल ते तयार करते आणि अन्नसाखळीतून ते माशांपर्यंत पोहोचते. हेच शैवाल टाक्यांत वाढवून त्याचे तेल काढले जाते आणि ते पूर्णतः शाकाहारी असते. जवस चालू ठेवा आणि आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारून २०० ते ३०० मिलिग्रॅम डीएचए देणारे शैवालतेल आताच सुरू करा. कॉड माशाच्या यकृताचे तेल मात्र कोणी सुचवले तरी गरोदरपणात घेऊ नये, कारण त्यातील ‘अ’ जीवनसत्त्वाचा अतिरेक गर्भाला घातक ठरू शकतो.

आपल्या पतींनी आठवड्यातून दोनदा तारली, हेरिंग किंवा सॅमन यांसारखे तेलकट मासे खाल्ले, तर त्यांना कोणतीही कॅप्सूल नको. शार्क, स्वोर्डफिश असे मोठे शिकारी मासे त्यांनी टाळावेत. अशा माशांच्या शरीरात पारा साठत जातो.

प्रश्न : हृदयविकार होऊ नये म्हणून माझे वडील रोज १००० मिलिग्रॅमची माशांच्या तेलाची एक कॅप्सूल घेतात. तिचा उपयोग होतो का?

उत्तर : ते १००० मिलिग्रॅम तेलाचे वजन आहे. साध्या कॅप्सूलमध्ये ईपीए आणि डीएचए मिळून बहुधा ३०० मिलिग्रॅमच असते. बाटलीच्या मागची बारीक अक्षरे वाचावीत. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘व्हायटल’ या चाचणीत सुमारे २६ हजार लोकांपैकी निम्म्यांना पाच वर्षांहून अधिक काळ रोज एक ग्रॅमची कॅप्सूल दिली गेली, पण हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू यांच्या एकत्रित प्रमाणात लक्षणीय घट दिसली नाही. मोठ्या मात्रेने तर हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो. वडील मासे खात असतील, तर कॅप्सूलपेक्षा मासेच बरे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर कॅप्सूलविषयी डॉक्टरांना अवश्य सांगावे.

प्रश्न : जवसाचे तेल तळण्यासाठी वापरले तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही. त्यातील निम्म्याहून अधिक भाग अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा असतो आणि ते उष्णता, प्रकाश व हवा यांनी लवकर खराब होते. गडद रंगाची लहान बाटली घ्यावी, ती फ्रिजमध्ये ठेवावी, तेल तयार पदार्थावर वरून घालावे आणि कडवट वास येऊ लागताच टाकून द्यावे.