लोड ९, पण सीपीयू मोकळा, असं कसं?

चार कोअरच्या लिनक्स सर्व्हरवर ‘अपटाइम’ ही कमांड ९ लोड (चालू आणि वाट बघणाऱ्या प्रोसेसची, म्हणजे प्रोग्रामची, सरासरी संख्या) दाखवतेय आणि ‘टॉप’ या कमांडमध्ये सीपीयू निवांत आहे, म्हणजे बहुतेक डिस्क अडलीय. लिनक्स लोडमध्ये सीपीयूच्या रांगेतल्याच नव्हे, तर डिस्कची वाट बघत अडकलेल्या प्रोसेसही धरतं.

खात्री करायला ‘व्हीएमस्टॅट १’ ही कमांड चालवा, ती दर सेकंदाला आकड्यांची एक ओळ दाखवते. पहिली ओळ सोडून द्या, ती मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. मीही तिला बरेच दिवस फसलो होतो. पुढच्या ओळींत ‘बी’ (अडकलेल्या प्रोसेस) आणि ‘डब्ल्यूए’ (डिस्कची वाट बघण्यात गेलेला सीपीयूचा वेळ) हे रकाने चढे दिसले की डिस्कच. ‘एसआय’, ‘एसओ’ हे रकाने सतत हलत असतील तर रॅम अपुरी पडून स्वॅप (रॅममधला डेटा डिस्कवर ठेवणं आणि परत आणणं) चाललंय. नेमकी कुठली प्रोसेस डिस्क अडवतेय, ते ‘आयओटॉप’ ही कमांड सांगेल. तिच्याआधी सुडो (अ‍ॅडमिनच्या अधिकारानं चालवण्यासाठी) लावायला विसरू नका.