‘पावणेदोनशे’ मशीनला कसं कळणार?

प्रश्न : मी सोलापूरची. इंजिनिअरिंगला ई अँड टीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) तिसऱ्या वर्षाला आहे. घरी तेलुगू, शाळा दहावीपर्यंत मराठी माध्यमाची, गल्लीत कन्नड आणि हिंदी. एकाहून जास्त भाषा समजून घेणाऱ्या स्पीच रेकग्निशनमध्ये, म्हणजे बोललेलं ऐकून मशीननं लिहून देण्याच्या तंत्रात, काम करायची इच्छा आहे. सीनियर म्हणतात, मोठ्या कंपन्यांनी सगळं आधीच करून ठेवलंय. वडील यंत्रमाग कारखान्यात मुनीम आहेत, ते म्हणतात कॅम्पसमधून मिळेल ती नोकरी धर. एक क्लास सहा महिन्यांच्या एआय कोर्सचे दीड लाख सांगतोय. चार भाषा येतात याचा काही उपयोग होईल का? कोर्स करू का?

उत्तर : कोर्सचं आधी सांगतो, कारण त्यात वडिलांचे पैसे जाणार आहेत. करू नकोस. तयार मॉडेल उतरवून घेऊन चार ओळींच्या कोडनं चालवणं तू दोन रविवारांत स्वतः शिकशील. त्यापुढचं अशा कोर्समध्ये सहसा शिकवत नाहीत.

सीनियर म्हणतात ते अर्धं खरं आहे. ओपनएआयनं २०२२ च्या सप्टेंबरमध्ये ‘व्हिस्पर’ हे बोलणं लिहून देणारं मॉडेल सगळ्यांसाठी खुलं केलं. ते ६ लाख ८० हजार तासांच्या आवाजावर शिकलंय, पण इंग्रजी सोडून जगातल्या बाकी भाषांचे मिळून त्यात साधारण १ लाख १७ हजार तास. मेटानं २०२३ मध्ये हजारावर भाषांचं मॉडेल काढलं. त्यासाठीचं बरंचसं बोलणं आलं बायबलच्या नव्या कराराच्या वाचनातून. आपल्याकडे आयआयटी मद्रासच्या ‘एआयफॉरभारत’ या संशोधन गटानं आकाशवाणीच्या बातमीपत्रांमधून ‘श्रुतलिपी’ नावाचा बोलण्याचा मोठा साठा उभा केला. काम मोलाचंच आहे. पण बातम्या वाचणारा माणूस आणि मागाच्या खडखडाटात ओरडून बोलणारा माणूस एकसारखे बोलत नाहीत.

तुझ्या वडिलांच्या कारखान्यातलं एक वाक्य घेऊ : ‘कालचे पावणेदोनशे नग डिस्पॅच झाले, राहिलेलं उद्या बघू.’ मोजून आठ शब्द. समज, मशीननं लिहिलं ‘१७५’, आणि माणसानं लिहिलेल्या, तपासायच्या प्रतीत आहे ‘पावणेदोनशे’. झाली एक चूक. ‘डिस्पॅच’ मशीननं रोमनमध्ये लिहिलं, प्रतीत देवनागरीत आहे. दुसरी चूक. ‘राहिलेलं’ बरोबर उमटलं, पण प्रत लिहिणाऱ्यानं शाळेतल्या सवयीनं ‘राहिलेले’ लिहून ठेवलं होतं. तिसरी. आठात तीन, म्हणजे साडेसदतीस टक्के चूक. आणि मशीननं ऐकलं मात्र अक्षर न् अक्षर बरोबर!

शब्दांच्या चुका मोजायची ही पट्टी या क्षेत्रात सगळे वापरतात. ती मराठीला कुठे फसते हे ज्याला कळतं, त्याची गरज आहे. ‘पाऊणशे’ म्हणजे ७५, ‘पावणेदोनशे’ म्हणजे १७५ आणि नुसतं ‘पावणेदोन’ म्हणजे पावणेदोनच, हा नियम कोणीतरी मराठी माणसानंच कोडमध्ये घालावा लागतो. २०२१ साली इंटरस्पीच या स्पीच संशोधनाच्या परिषदेच्या निमित्तानं भारतीय भाषांची ‘म्युक्स’ नावाची स्पर्धा झाली. तिच्या मिश्रभाषेच्या गटात हा लिपीचा घोळ टाळायला वेगळी मोजणी करावी लागली होती.

आता रचनेकडे येऊ. जुना मार्ग असा : आधी भाषा ओळखायची, मग त्या भाषेच्या मॉडेलकडे आवाज पाठवायचा. व्हिस्पर एकच मॉडेल आहे, पण भाषा न सांगता सोडलं तर तेही पहिल्या तीस सेकंदांवरून भाषा ठरवतं. तुमच्या घरी तीस सेकंदांत तीन भाषा होऊन जात असतील! म्हणून वाक्याच्या मध्येच भाषा बदलली तरी न अडखळणारं मॉडेल, हा खरा अवघड भाग आहे. त्यात भाषांचे सारखे आवाज एकमेकांना हात देतात. मराठी, कन्नड आणि तेलुगू तिन्हींत ‘ळ’ आहे. ‘चाक’ आणि ‘चहा’ यांतला च आपण वेगवेगळा उच्चारतो, लिहितो मात्र एकच. तेलुगूतही असे दोन च आहेत, हिंदीत नाहीत. तुझ्या कानाला हे जन्मापासून माहीत आहे, फक्त ते कधी कागदावर आलेलं नाही.

पण नुसत्या चार भाषांवर इंजिनिअरचा पगार मिळत नाही, हेही ऐकून ठेव. ‘भाषातज्ज्ञ हवेत’ अशा बऱ्याच जाहिराती ट्रान्सक्रिप्शनच्या, म्हणजे ऐकून टाइप करायच्या कामाच्या असतात, आणि मोबदला रेकॉर्डिंगच्या तासावर मिळतो. काही महिने केलंस तर कान तयार होतो, पण तिथे अडकून राहू नकोस. काही वर्षांपूर्वी भाषाशास्त्राच्या एका मुलाला मी ‘तुला पायथनची गरज नाही’ असं छातीठोकपणे सांगितलं होतं. तो दोन वर्षं ऐकून टाइप करत बसला. तो सल्ला चुकला, आणि तो माझा होता.

तुझी शाखा इथे कामाला येते. सिग्नल्स अँड सिस्टिम्स, डीएसपी (डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग), प्रोबॅबिलिटी हे पेपर पास होण्यापुरते केले असशील तर पुन्हा उघड. पुढे रिसर्चची मास्टर्स डिग्री करायची तर आयआयटी मद्रास, आयआयटी मुंबई, बेंगळुरूची आयआयएस्सी आणि हैदराबादची ट्रिपल आयटी बघ. २०२४ पासून गेट या मास्टर्सच्या प्रवेश परीक्षेला डेटा सायन्स आणि एआयचा वेगळा पेपरही आहे. आयआयएस्सीच्या ‘रेस्पिन’ प्रकल्पात शेती आणि पैशांच्या व्यवहारातलं बोलणं नऊ भाषांत, त्यांच्या बोलींसकट गोळा केलंय. तुझ्या चारही भाषा त्यात आहेत. अर्ज लिहिताना ही गोष्ट विसरू नकोस.

वडील चुकीचं सांगत नाहीत. कॅम्पसमधून नोकरी आली तर घे, गेटचा अभ्यास नोकरी सांभाळूनही करतात लोक. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट मात्र गाइडनं दिलेला जुनाच उचलू नकोस. कारखान्यातलं, घरातलं, किराणा दुकानातलं मिळून फक्त एक तास बोलणं रेकॉर्ड कर. ते स्वतः लिहून काढ, आठ-दहा तास जातील असं धर. मग दोन-तीन खुली मॉडेल्स त्यावर चालव आणि चुकांची वही कर : संख्येची, लिपीची, भाषा बदलतानाची, गोंगाटाची. कुठली चूक खरी आणि कुठली मोजणीची, हे समोर लिही. मुलाखतीला गेलीस की सर्टिफिकेटच्या आधी ती वही टेबलावर ठेव.

आणि रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी बोलणाऱ्याला त्याच्या भाषेत सांग, हे कशासाठी आहे आणि कोण ऐकणार आहे. तो ‘हो’ म्हणाला की तो ‘हो’सुद्धा रेकॉर्ड करून ठेव. डेटा कुठून आणला, हे प्रयोगशाळेत तुला आधी विचारतील.