गोव्यातल्या वाहनप्रेमींनी असेंब्ली प्लांट पाहायचा तर कुठला, आणि तिथे नेमकं काय पाहायचं?

प्रश्न असा आहे: मडगावचा कार-बाईकवाल्यांचा ग्रुप आहे, असेंब्ली प्लांट पाहायचाय, गोव्यात फक्त बसच्या बॉड्या बनतात, मग सरळ पुण्यालाच जावं का?

‘फक्त बसच्या बॉड्या’ हे वाचलं आणि लिहायला घेतलं. सत्तरी तालुक्यात होंडा आणि भुईपाल या गावांत ऑटोमोबाईल कॉर्पोरेशन ऑफ गोवा आहे. १९८० साली स्थापन झालेली कंपनी, पत्र्याचे प्रेस केलेले भाग आणि बसच्या बॉड्या हे तिचं काम. गाडीचा सांगाडा कसा उभा राहतो हे समजून घ्यायचं असेल तर आधी बसचा कारखाना पाहावा, कारचा नंतर. कारच्या प्लांटमध्ये वेल्डिंग रोबो करतात, तेही जाळीच्या आड. पेंट शॉप धुळीच्या भीतीने बहुतेक ठिकाणी दाखवतच नाहीत. उरते ट्रिम लाइन, म्हणजे रंगवलेल्या बॉडीत सीट, काचा वगैरे बसवायची रांग, जिथे एका स्टेशनला जेमतेम मिनिट-दीड मिनिट मिळतं आणि बॉडी पुढे सरकते. बसचा सांगाडा मात्र दिवसभर उघडा उभा असतो. प्रत्येक पाइप, प्रत्येक जोड दिसतो.

सुरुवात चॅसीपासून, म्हणजे बॉडी बसवण्याआधीच्या गाडीच्या खालच्या भागापासून करा. ती येते तेव्हा इंजिन, गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल, स्टिअरिंग, ब्रेक सगळं जागेवर असतं. टाटाच्या चॅसीवर एलपीओ १६१८ असं लिहिलेलं दिसलं तर पहिले दोन आकडे म्हणजे साधारण टनांतलं एकूण वजन, आणि पुढच्या दोनांना दहाने गुणलं की साधारण हॉर्सपॉवर. मग खाली वाकून लाँग मेंबर, म्हणजे चॅसीची लांबलचक पोलादी तुळई बघा. बॉडीचे आडवे बेअरर (फ्लोअरखालच्या आडव्या पट्ट्या) त्याला यू-बोल्टने किंवा ब्रॅकेटने बांधलेले असले पाहिजेत. लाँग मेंबरच्या वरच्या-खालच्या फ्लँजवर (आडव्या कडांवर) वेल्डिंग किंवा भोक दिसता कामा नये. वाकण्याचा सगळ्यात जास्त ताण फ्लँजवरच येतो, वेल्डिंगच्या उष्णतेने तिथलं स्टील कमजोर होतं, आणि तडा तिथूनच सुरू होतो. भोक पाडायचंच तर उभ्या बाजूला, चॅसीवाल्यांनी दिलेल्या नकाशाप्रमाणे. वेल्डिंग सुरू असेल तर बॅटरी आणि ईसीयूचे (गाडीच्या कॉम्प्युटरचे) कनेक्टर काढलेत का आणि अर्थची क्लॅम्प वेल्डच्या जवळ लावलीय का, हेही विचारा. अर्थ लांब लावली तर करंट बेअरिंगमधून किंवा वायरिंगमधून वाट काढतो.

आता मुख्य गोष्ट. एका उभ्या पिलरवर बोट ठेवा. त्याच्या बरोबर खाली फ्लोअरचा आडवा बेअरर आणि बरोबर वर छताची कमान एका रेषेत आलीय का बघा. तिन्ही मिळून बंद कडं झालं तर बस उलटल्यावर भार त्या कड्यात फिरतो. कमान पिलरवर न येता मधेच खिडकीच्या पट्टीवर बसली असेल तर जुन्या घरात तुळई खांबाऐवजी भिंतीवर टेकवल्यासारखं होतं, दणका बसला की तिथेच घडी पडते. एआयएस-०३१ या भारतीय मानकाची चाचणी हेच तपासते. ८०० मिलिमीटर उंच फलाटावरून बस सावकाश कडेला कलंडवतात, आणि खाली आपटल्यावर सीटभोवतीच्या ठरवलेल्या जागेत सांगाड्याचा कुठलाही भाग घुसता कामा नये.

आमच्या ग्रुपात वर्षानुवर्षं चाललेला वाद इथेच संपायला हवा. बोनेट दाबून, दार आपटून ‘पत्रा जाड, म्हणून गाडी मजबूत’ म्हणणारे लोक सांगाड्याकडे बघतच नाहीत. कारचा बाहेरचा पत्रा पाऊण मिलिमीटरच्या आसपास असतो. माणूस वाचतो तो आतल्या बी-पिलरमुळे, म्हणजे पुढच्या आणि मागच्या दारांमधल्या खांबामुळे. तो बऱ्याच गाड्यांत साधारण ९०० अंशांना तापवून साच्यातच गार केलेल्या स्टीलचा असतो आणि त्याची ताकद १५०० मेगापास्कलपर्यंत जाते. बाहेर अंगठा दाबून ते कळत नाही. बसच्या बाजूचा पत्राही तसाच. तो एका टोकाला पकडून दुसऱ्या टोकाने ताणतात किंवा तापवून बसवतात, मग वेल्ड करतात. न ताणता बसवला तर उन्हात फुगून लाटा येतात आणि धावताना ढोलासारखा वाजतो.

गोव्यासाठी आणखी एक. गॅल्व्हनाइज्ड पाइप वेल्ड केला की जोडावरचं झिंक जळून जातं. तिथे घासून, साफ करून झिंकयुक्त प्रायमर मारलाच पाहिजे. जळलेल्या झिंकची वाफ वेल्डमध्ये अडकून बारीक छिद्रंही पडतात. शिवाय अॅल्युमिनियमचा पत्रा स्टीलवर थेट रिव्हेट केला तर खाऱ्या हवेत अॅल्युमिनियम आधी सडतं, मध्ये टेप किंवा सीलंट हवा. किनाऱ्याजवळ धावणाऱ्या बसचे पायरीखालचे जोड बघा म्हणजे पटेल.

पुढे वायरिंग. हार्नेस, म्हणजे तारांचा जुडगा, पाइपच्या भोकातून जातो तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी रिंग) हवा, नाहीतर घासून शॉर्ट होतो. बसला लागलेल्या बऱ्याच आगी अशाच सुरू होतात. काचेला पॉलियुरेथेन सीलंट लावण्याआधी कड पुसून प्रायमर मारतात. पुसताना तेलकट हात लागला की शेवटच्या शॉवर टेस्टला (बसवर पाणी मारून गळती तपासतात ती) पाणी तिथूनच आत येतं. ही शॉवर टेस्ट चुकवू नका.

परवानगी द्यायची की नाही हे कंपनी ठरवते, आणि ती मिळेलच असं नाही. प्लांटच्या एचआर किंवा प्रशासन विभागाला किमान तीन-चार आठवडे आधी पत्र द्या. त्यात नावं, ओळखपत्रं, कोण कुठे नोकरीला आहे हे स्पष्ट लिहा, कारण प्रतिस्पर्धी कंपनीतला माणूस निघाला तर सगळ्यांनाच नकार येऊ शकतो. दहा-बाराजणांपेक्षा जास्त नकोत, गोंगाटात मागच्यांना ऐकू येत नाही. चतुर्थीच्या आसपासचे दिवस मागू नका. बंद बूट, पूर्ण पँट, अंगठ्या-कडी घरी. मोबाईल गेटवर ठेवावा लागेल. वेल्डिंगच्या ठिणगीकडे उघड्या डोळ्यांनी बघू नका, रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं.

एक मान्य करतो: इंजिन जुळताना किंवा खालून इंजिन-सस्पेन्शन वर येऊन बॉडीला बसताना पाहायचं असेल तर बसच्या बॉडी शॉपमध्ये ते दिसणार नाही. त्यासाठी चाकण-पिंपरी गाठा. चोर्ला घाटातून बेळगाव करून धारवाडला गेलात तर टाटांचा बसचा कारखाना तिथेही आहे. पण पुण्याला जाण्याआधी सत्तरीत पत्र टाका, आणि आत गेलात की मार्गदर्शकाला पहिला प्रश्न पिलर आणि कमान एका रेषेत आहेत का हाच विचारा.